वचनाच्या मागचा अध्याय

1616 साली गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. भाषा मराठी, लिपी रोमी. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, खरं तर पोर्तुगीज सत्तेने हिरावून घेतली होती. आता आम्ही वाचायचं काय, अशी त्यांच्यातल्याच एकाची विचारणा ग्रंथाच्या आरंभी आली आहे. ज्यांच्या राज्याने घर रिकामं केलं त्यांच्याच गोतावळ्यातल्या पाद्रीने ते भरायला घेतलं, हे विसरून या ग्रंथाचं कौतुक करू नये. पण कौतुक करावं लागतंच. रविवारी, सणासुदीला चर्चमध्ये हे पुराण वाचलं जाई आणि उत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची सगळी कथा लोक ओवीतून ऐकत. धीर मिळायचा तो कथेतून, सलग.

पुढे 1811 साली विल्यम कॅरींचा मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरहून मोडी लिपीत निघाला. 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, छापखाना आला आणि शुभवर्तमानं सुट्या पुस्तिकांच्या रूपात हातोहात फिरू लागली.

अशीच एक पुस्तिका, लूकचं बंगाली शुभवर्तमान, पंडिता रमाबाईंना सिल्चरच्या आपल्या घरात सापडली. ती तिथे आली कुठून, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मात्र त्यांना खरं हलवलं ते योहानाच्या चौथ्या अध्यायाने, इंग्लंडमध्ये. लंडनजवळ फुलहॅमला 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना धर्मभगिनी सांभाळत होत्या. एवढी माया यांना येते कुठून, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांच्यासमोर वाचली गेली. पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई. तिच्याशी येशू पाणी मागण्यापासून बोलायला लागतो आणि आराधनेपर्यंत पोचतो. हा संवाद जवळजवळ वीस वचनांचा आहे. त्यातली एखादीच ओळ उचलली असती तर रमाबाईंच्या हाती काय लागलं असतं? रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पुढे अशाच स्त्रियांसाठी 'कृपासदन' उभं राहिलं. शेवटची वर्षं त्यांनी खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या; ग्रंथ 1924 मध्ये आला, मुक्तीच्याच छापखान्यातून.

नारायण वामन टिळकांचं तसंच. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. ते तीन अध्यायांचं आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, म्हणजे पुन्हा एकदा ओवी आणि पुन्हा अख्खी कथा.

मग रोजचं एकेक वचन आलं कुठून? युरोपात याचा माग जर्मनीतल्या हेर्नहूट गावी लागतो. तिथल्या मोराव्हियन मंडळीत 1728 पासून दर दिवसाला एक वचन घरोघर पोचवत. 1731 पासून त्याचं वार्षिक पुस्तक निघतं, आजही. त्यातली जुन्या करारातली वचनं चिठ्ठ्या टाकून काढतात. आपल्याकडे 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना ज्यांनी पाहिली असेल त्यांना यात नवल वाटणार नाही. ताटात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असतात, पाळकसाहेब ताट पुढे धरतात, आजी आधी, मग पोरं. 'तुझं काय निघालं?' बारावीच्या पोराला फिलिप्पैकरांस 4:13, सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो हे वचन, निघालं की आईचा चेहरा खुलतो. पुढे ते वचन वर्षभर फ्रिजवर. भिंतीवरच्या वचनाच्या कॅलेंडरने हेच काम केलं, आणि आता पहाटे पाचला सूर्योदयाच्या चित्रावर 'आजचे वचन' मोबाइलवर येऊन पडतं.

या सवयीला हसू नये. कामावर पळणाऱ्या माणसाला एक ओळ पुरते, कधीकधी तीच दिवस ओढून नेते. तक्रार एवढीच की ओळ अध्यायातून कापली की तिचा अर्थ फुगतो. फिलिप्पैकरांस ते पत्र पौलाने तुरुंगातून लिहिलं. आदल्याच वचनात तो भुकेलं राहायला आणि पोटभर असताना राहायला शिकल्याचं सांगतो. परीक्षेचा तिथे संबंध नाही. यिर्मया 29:11 हे सर्वांचं लाडकं वचन, देवाने हिताचं योजलं आहे असा भरवसा देणारं. ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि दहावं वचन मुदत सांगतं: सत्तर वर्षं. तोवर घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, त्या परक्या शहराचं भलं चिंता, असा पत्राचा सांगावा आहे. सत्तर वर्षांची मुदत ऐकलेले बहुतेक जण परतीची वाट पाहतच मरणार होते, हे धरून वाचलं तर अकरावं वचन कितीतरी अधिक धीराचं ठरतं.

तेव्हा वचन पुढे पाठवा, जरूर पाठवा. फक्त त्याआधी तो अध्याय एकदा सबंध वाचा, आणि घरात कुणी असेल तर मोठ्याने.