सृष्टीच्या उत्पत्तीची कथा आणि आपले जीवन

पवित्र शास्त्राचे पहिले पान ज्याने कधी ऐकले नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत विरळा. परंतु ते पान आपल्याशीच बोलत आहे असे ज्यास वाटले, असा विद्यार्थी त्याहूनही विरळा.

मागे एकदा नववीच्या वर्गात एका मुलाने आम्हांस विचारले, “सर, विज्ञानाच्या तासाला पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगतात, आणि शास्त्रपाठाच्या तासाला सहा दिवस. यांतले खरे कोणते?” वर्ग हसला, तो मात्र हसत नव्हता. एक ठेवावयाचे तर दुसरे टाकावे लागणार, अशी धास्ती त्याच्या मनाने घेतली होती. त्याच्यासाठी व त्याच्यासारख्या इतरांसाठी हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम हे पाहू की, उत्पत्तीचा पहिला अध्याय कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो. त्यात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. मग त्यापूर्वीचे तीन दिवस आपल्या दिवसांसारखे कसे मानावे? हा विचार आजकालच्या विज्ञानाच्या भीतीने सुचलेला नाही. संत ऑगस्टिन यांनी तो सुमारे १६०० वर्षांपूर्वीच केला होता. अलीकडील उदाहरण घ्यावयाचे तर बेल्जमचे जॉर्ज लमेत्र यांचे घ्यावे. ते कॅथलिक धर्मगुरू होते व थोर गणितज्ञही होते. विश्व प्रसरण पावत आहे, असे त्यांनी १९२७ साली मांडले, आणि १९३१ साली त्याचा आरंभ एका आदिअणूपासून झाला असावा, अशी कल्पना पुढे केली. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या शोधामुळे शास्त्रवचनास पुष्टी मिळते असे सुचविले, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचले नाही. आपले गणित गणिताच्या कसोटीस उतरावे, श्रद्धेस त्याच्या टेकूची गरज नाही, अशी त्यांची धारणा होती.

हा विषय आपल्या अंगणातलाही आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, अशी तिची रचना आहे. अमेरिकेतील अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याने उठलेला तरंग टिपला होता. उद्या आमचा एखादा विद्यार्थी औंढ्यास काम करील, तर त्याने मोजमापात तिळमात्र कसूर करू नये. परंतु आपण कोणाचे आहोत व कशासाठी जगावे, हे ते यंत्र त्यास सांगणार नाही. तसे सांगण्याचा त्याचा दावाही नाही. तो प्रश्न या पहिल्या पानाचा आहे.

आता ते पान आपल्या जीवनाच्या उजेडात वाचू. पंडिता रमाबाई यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण शास्त्र सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या निवर्तल्या व १९२४ साली ते भाषांतर पूर्ण प्रसिद्ध झाले. मूळ शब्दांकडे इतक्या कष्टाने का जावे, हे पुढील गोष्टीवरून कळेल.

या अध्यायात देव आपली कृती पाहून ती चांगली आहे असे सात वेळा ठरवितो. परंतु इब्री पाठात दुसऱ्या दिवशी हा अभिप्राय नाही! त्या दिवशी अंतराळ झाले व जलांची विभागणी झाली. पण जले एकत्र होऊन कोरडी भूमी दिसण्याचे काम तिसऱ्या दिवशी पुरे झाले, आणि त्या दिवशी तो अभिप्राय दोनदा आला. दुसऱ्या दिवसाचे काम अपुरे होते म्हणून तो शब्द राहिला, असे स्पष्टीकरण यहुदी आचार्यांनी फार पूर्वी दिले आहे.

विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी कितीजण आज दुसऱ्या दिवसात उभे आहेत! निकालाचा कागद हाती घेऊन घराच्या उंबरठ्यावर थबकणारा मुलगा हा दुसऱ्या दिवसातलाच होय. त्या दिवशी देवाने काम वाईट म्हटले नाही, मोडूनही टाकले नाही. त्याने तिसरा दिवस उगवू दिला. पालकांसही आमची हीच विनंती आहे. आपण जून महिन्यात हळदीचे बेणे लावतो. पुढे आठ-नऊ महिने कंद मातीखाली असतो. तो पोसला की नाही हे पाहण्यासाठी रोज उकरून पाहणाऱ्यास शहाणा शेतकरी कोण म्हणेल? मग मुलांच्या बाबतीतच आपण असे उतावीळ का व्हावे?

दुसऱ्या अध्यायात मनुष्य मातीपासून घडविला जातो. इब्री भाषेत मनुष्य तो ‘आदाम’ व माती ती ‘अदामा’. नावातच नाते आहे. आमच्या शिवाराची काळी जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या खडकापासून झाली आहे. ती पायाला चिकटते तेव्हा आपले मूळ आठवावे व गर्व सोडावा. शिवाय, बागेची मशागत करणे यासाठी जे क्रियापद तेथे आहे, तेच इब्रीत सेवा करणे या अर्थीही येते. सबब, ज्याचा बाप नांगर धरतो त्याने ते सांगताना मान खाली घालू नये.

परंतु माती एवढेच आपले वर्णन नव्हे. प्राचीन मिसर देशात राजास देवाची प्रतिमा म्हणत. उत्पत्तीचा पहिला अध्याय मात्र तोच मान सर्व मनुष्यांस, स्त्री व पुरुष दोघांसही, देतो. कापूस वेचणारी मजूर बाई, बाकावर शेजारी बसणारा दुसऱ्या जातीचा वा धर्माचा सोबती, यांपैकी कोणासही हीन लेखणारा त्या प्रतिमेचाच अवमान करतो. आणि सातव्या दिवशी विसावा आहे, तो यासाठी की, मनुष्याची किंमत त्याच्या कामावरून किंवा गुणपत्रिकेवरून ठरत नाही, हे आठवड्यातून एकदा तरी आपल्या ध्यानी यावे.

त्या मुलास आम्ही काय उत्तर दिले, असे कोणी विचारील. आम्ही म्हणालो, “बाळ, विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत ४५४ कोटी वर्षेच लिही, आणि निःशंकपणे लिही. मग घरी जाऊन आईजवळ प्रार्थनेस बस. तुला काहीही टाकावे लागणार नाही.” तो काही बोलला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी तो पुढच्या बाकावर येऊन बसला, आणि त्याने आणखी एक प्रश्न विचारला. तेव्हा वर्ग हसला नाही.

ज्याने अंधारावर प्रकाश आणला, तो आपल्या सर्वांच्या अपुऱ्या कामास तिसरा दिवस दाखवो, हीच प्रार्थना.