यंत्र आले, ग्रंथ कुठे आहेत?

एखाद्या विद्येची यंत्रे गावात पोहोचावीत आणि तिचे ग्रंथ मात्र पोहोचू नयेत, असे झाले की त्या गावाच्या वाट्याला राबणूक येते, विद्या येत नाही. माळव्यातील धार जिल्ह्याकडे पाहताना आम्हांस हेच जाणवते. पवारांच्या या जुन्या मराठी संस्थानाच्या परिसरात आज एकीकडे पीथमपूरचे मोटारींचे कारखाने आहेत, तर दुसरीकडे माही नदीच्या उगमाचा सरदारपूर तालुका आहे. कारखान्यातील सुटा भाग हल्ली लोखंडात उतरण्यापूर्वी संगणकात घन रूपाने घडविला जातो. या शास्त्राला सॉलिड मॉडेलिंग म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरील गोद्यांनाही ते परके नाही.

कागदावरील आकृती आणि घन वस्तू यांत मोठे अंतर असते. नुसत्या कडांचा सांगाडा रेखाटला, तर त्यातून कधी कधी दोन निराळ्या वस्तू संभवतात. पोकळी कोठे आणि भरीव भाग कोठे, हे यंत्राला उमगत नाही. यावर मुख्यतः दोन उपाय निघाले. पहिला बेरीज-वजाबाकीचा. जात्याचा वरचा दगड घ्या : एक चपटी वर्तुळाकार चकती, तीतून दाणे सोडण्याचे मधले तोंड वजा, खुंट्याचे भोक वजा. दुसरा उपाय पृष्ठे, कडा आणि कोपरे यांची नोंद ठेवण्याचा. घनाचे कोपरे ८, कडा १२, पृष्ठे ६. आठांतून बारा वजा करून सहा मिळविले की २ उरतात. मात्र वस्तूला आरपार छिद्र पडले की हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. ते का, हे सांगतो तो खरा ग्रंथ.

असे ग्रंथ थोडे आहेत, पण आहेत. फोली आणि व्हॅन डॅम प्रभृतींच्या संगणक-चित्रणावरील ग्रंथाच्या १९९० च्या आवृत्तीत या विषयाला स्वतंत्र प्रकरण आहे. आरंभ तेथून करावा. रेक्विचा यांच्या १९८० च्या निबंधाने विषयाची तात्त्विक बैठक घातली. मान्टिला यांचे १९८८ चे पुस्तक रचना प्रत्यक्ष कशी उभारावी ते शिकविते, तर हॉफमन यांचे १९८९ चे पुस्तक आकडेमोडीतील सूक्ष्म चुकांनी आकृती कशी कोसळते ते दाखविते. याउलट बाजारात सहज मिळतात ती बटणे कोठे दाबावीत एवढेच सांगणारी पुस्तके. आज्ञावलीची नवी आवृत्ती निघाली की ती शिळी होतात. उपरोक्त ग्रंथ तीस-चाळीस वर्षांनंतरही शिळे झालेले नाहीत.

धारला ग्रंथांची परंपरा नवी नाही. अकराव्या शतकात येथे राज्य करणाऱ्या भोजराजाच्या ‘समरांगण सूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रांवरही एक अध्याय आहे. पण यंत्रांच्या घडणीचा तपशील गुप्ततेसाठी राखून ठेवल्याचे तेथेच म्हटले आहे. हा ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला, तो बडोद्याच्या गायकवाड सरकारने आपल्या ग्रंथमालेतून १९२४ पासून तो छापून काढला म्हणून. एका राजाने विद्या झाकली, दुसऱ्याने ती उघडली. यातील कोणाचा कित्ता गिरवायचा, हे आपण ठरवावयाचे आहे.

अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह भारतीय भाषांतून देण्यास २०२१ साली मुभा मिळाली, ही इष्ट गोष्ट झाली. परंतु भाषेला मुभा देऊन ग्रंथ निर्माण होत नाहीत. जिल्हा ग्रंथालयांनी व तंत्रनिकेतनांनी हे चार-पाच मूलग्रंथ संग्रही ठेवावेत, आणि विद्यापीठांनी जाणत्या अध्यापकांकडून मराठीत व हिंदीत या विषयावर एकेक स्वतंत्र पुस्तक लिहवून घ्यावे. खर्च एखाद्या समारंभाच्या मांडवाहून अधिक येणार नाही. सरदारपूरचा विद्यार्थी पीथमपूरच्या कारखान्यात दुसऱ्याने रचलेली आकृती फिरवीत बसणार, की उद्या स्वतः नवी रचणार, याचा निर्णय त्या एका फळीवरील पुस्तकांवर पुष्कळसा अवलंबून आहे, असे आम्हांस वाटते.