कोऱ्या चौकटी, तीन लुईझा आणि डोळे मिटणारा पुतळा

डेन्मार्क म्हटलं की आपल्याला लेगो आठवतं, निळ्या डब्यातली बिस्किटं आठवतात. पण जेमतेम 60 लाख लोकवस्तीच्या या देशातली आजची कला बाहेरच्या माणसाने पाहिली, तर एक गोष्ट चटकन जाणवते. इथे कलेवर अख्खा देश बोलतो, भांडतो, कोर्टात जातो आणि तरी खिशात हात घालून पैसेही देतो. हे घ्या पुरावे!

पैसे घेतले, चौकटी कोऱ्या
2021 मध्ये आल्बोर्गच्या कुन्स्टेन संग्रहालयाने कलावंत येन्स हॉनिंग यांना सुमारे 5 लाख 32 हजार क्रोनर उसने दिले. नोटा चौकटीत लावून माणसाची सरासरी वार्षिक कमाई दाखवायची, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात आल्या दोन कोऱ्या चौकटी, नाव ‘टेक द मनी अँड रन’! संग्रहालयाने त्या प्रदर्शनात लावल्या आणि पैशांसाठी दावाही ठोकला. 2023 चा निकाल असा: मानधनाचे 40 हजार वजा करून बाकीचे परत करा.

तीन लग्नं, एकच नाव
हुम्लेबेक गावात समुद्रकाठी 1958 पासून लुईझियाना हे जगप्रसिद्ध कलासंग्रहालय आहे. नावाचा अमेरिकेशी काही संबंध नाही. इथल्या जुन्या वाड्याच्या मालकाने तीन लग्नं केली आणि तिन्ही बायकांचं नाव लुईझ!

जरा थांबा, डोळे मिटतील
हेल्सिंगोरच्या बंदरात 2012 पासून ‘हान’ बसलाय. हा कोपनहेगनच्या प्रसिद्ध जलपरीच्या पुतळ्याचा पुरुष अवतार, चकचकीत स्टेनलेस स्टीलचा. तासातून एकदा, निमिषभर तो डोळे मिटतो. मोबाइलमध्ये मान घातलीत, की हुकलंच! तो घडवणाऱ्या जोडीतले एल्मग्रीन डेन्मार्कचे, ड्रॅगसेट नॉर्वेचे.

स्वातंत्र्यदेवीचे तुकडे
कलावंत यान व्हो यांचा जन्म 1975 चा, व्हिएतनाममधला. बोटीतून निसटलेल्या त्यांच्या कुटुंबाला समुद्रात एका डॅनिश मालवाहू जहाजाने वाचवलं आणि ते डेन्मार्कमध्ये वाढले. पुढे त्यांनी अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवीची मूळ आकाराची प्रतिकृती चीनमध्ये तांब्याच्या पत्र्यातून घडवून घेतली. सुमारे 250 तुकडे, ते मात्र कधीच जोडले नाहीत. कुठे कानाचा तुकडा, कुठे वस्त्राची चुणी, असे ते जगभर विखुरलेत.

बाग एक, देश पन्नासहून जास्त
कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागात अनेक देशांतून आलेले लोक राहतात. तिथल्या सुपरकिलेन बागेसाठी ‘सुपरफ्लेक्स’ या कलावंत गटाने रहिवाशांनाच विचारलं, तुमच्या गावाकडचं काय हवं? जपानची ऑक्टोपसाची घसरगुंडी आली, मोरोक्कोचं कारंजं आलं, पॅलेस्टाइनची मातीसुद्धा आली.

राणी मेरीचं सिंहासन
डेन्मार्कच्या कॅरिबियन वसाहतीत 1878 मध्ये मजुरांचा उठाव झाला. ‘राणी मेरी’ म्हणून ओळखली जाणारी मेरी थॉमस ही त्याच्या नेत्यांपैकी एक. 2018 मध्ये जॅनेट एलर्स आणि ला व्हॉन बेल या दोघींनी कोपनहेगनच्या धक्क्यावर तिचा सात मीटर उंच पुतळा उभा केला. चौथऱ्यात बसवले होते प्रवाळाचे दगड, गुलामांनी समुद्रातून कापून काढलेले. देशाने स्वतःच्या इतिहासाकडे इतक्या जवळून पाहणं, ही फार मोठी गोष्ट आहे.

घोडा कापणारा राणीचा कलावंत
1970 मध्ये ब्योर्न नॉरगॉर यांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ घोडा कापून त्याचे तुकडे काचेच्या बरण्यांत भरले. देशभर गहजब झाला. त्याच नॉरगॉर यांनी पुढे राणी मार्ग्रेथेसाठी 17 भित्तिपटांची चित्रं केली. पॅरिसच्या विणकरांनी वर्षानुवर्षं खपून ते विणले. डेन्मार्कचा हजार वर्षांचा इतिहास आज त्यांतून राजवाड्याच्या भिंतींवर दिसतो. राणीच्या काचेच्या शवपेटीची रचनाही त्यांचीच.

गोदामवाल्याचा एल्गार
1964 मध्ये सरकारने कलावंतांसाठी निधी उभारला. ‘आमच्या करातून हे लाड कशाला?’ म्हणत पेटर रिंडाल या गोदाम सांभाळणाऱ्या गृहस्थाने सह्यांची मोहीम काढली आणि हजारोंनी सह्या केल्या. देशभर कडाक्याचा वाद झाला, पण निधी टिकला. पुढे निवडक कलावंतांना तहहयात मानधन देण्याची सोयही झाली. लोकांना शंका विचारू द्यायच्या आणि कलावंताला जगूही द्यायचं, हा धडा कोणत्याही देशाने घ्यावा असा आहे.

कोपनहेगनला गेलात, तर एक दिवस नक्की राखून ठेवा. हुम्लेबेक आणि हेल्सिंगोर, दोन्ही एकाच किनारी रेल्वेमार्गावर आहेत.