चिखल पडद्यावर यायला पावणेसहाशे वर्षं

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मध्ययुगीन बखरकार फ्रुआसारच्या बखरीची एक सचित्र हस्तलिखित प्रत आहे. तिच्यातलं क्रेसीच्या लढाईचं चित्र इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धावरच्या पुस्तकांत हमखास छापलेलं असतं. पुढच्या बाजूला उजवीकडे इंग्लिश तिरंदाज लांब धनुष्यं ताणून उभे आहेत. त्यांच्यासमोर डावीकडे फ्रान्सच्या राजाने भाड्याने आणलेले जिनोआचे क्रॉसबोवाले आहेत. त्यांच्यातला एक जण कमरेत वाकलाय. क्रॉसबोचं टोक जमिनीला टेकवून तो दोन्ही हातांनी रहाट फिरवतोय, कारण पोलादी धनुष्याची दोरी नुसत्या हाताने मागे येत नाही. लांब धनुष्यवाला कसलेला तिरंदाज मिनिटाभरात दहाच्या आसपास तीर सोडू शकायचा. रहाटवाल्याचे तेवढ्या वेळात जेमतेम दोन व्हायचे. लढाईचं अर्धं मर्म चित्रकाराने त्या एका वाकलेल्या माणसात पकडलंय.

उरलेल्या अर्ध्याचं काय? क्रेसीची लढाई २६ ऑगस्ट १३४६ची. हे चित्र त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, ब्रुज शहरात, लुआझे लिएदे या चित्रकाराच्या हातून उतरलं. त्यामुळे माणसांच्या अंगावरची चिलखतं त्याच्या काळातली आहेत. रहाटसुद्धा त्याच्याच काळातला. १३४६मध्ये कमरपट्ट्याला लावलेल्या आकड्याने दोरी ओढायची रीत सर्रास होती. दोन्हीकडचे तिरंदाज एकमेकांपासून काही पावलांवर उभे आहेत, प्रत्यक्षात मधलं अंतर शेकडो पावलांचं असायचं. जिनोआवाल्यांच्या मोठ्या ढाली त्या दिवशी मागे सामानाच्या गाड्यांतच राहिल्या होत्या. ते माघारी वळले, तेव्हा फ्रेंच सरदारांनी आपल्याच या माणसांच्या अंगावर घोडे घातले. चित्रातल्या शिस्तीत या गोंधळाला जागा नाही.

याचं कारण मला चित्र घडवून घेणाऱ्यात दिसतं. ही प्रत ब्रुजच्या लुई द ग्रुटहूझची. हा बर्गंडीच्या दरबारातला बडा असामी, ‘गोल्डन फ्लीस’ या मानाच्या पंथाचा नाइट. अशा ग्रंथांचे वाचक सरदार, विषय सरदार आणि पैसाही सरदारांचा. लढाई म्हणजे तोलामोलाच्या दोन पक्षांची समोरासमोरची गाठ, असंच त्यांना पाहायचं होतं. दिवसाला सहा पेनीवर आलेल्या धनुष्यवाल्याने दुरूनच राजपुत्राचा घोडा लोळवावा, ही गोष्ट त्यांच्या शौर्याच्या कल्पनेत बसणारी नव्हती.

तिरंदाज मुळीच रंगवले गेले नाहीत, असं मात्र नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘लट्रेल साल्टर’ नावाचं प्रार्थनेचं पुस्तक आहे, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. त्याच्या समासांत नांगरणी, मळणी, स्वयंपाक अशी रोजची कामं चितारलीत आणि त्यांच्यातच धनुर्विद्येचा सरावही आहे. साध्या कपड्यांतली गावची माणसं निशाणावर नेम धरतायत. इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डने पुढे १३६३मध्ये फर्मान काढून रविवारी आणि सणावारी हा सराव सक्तीचा केला, फुटबॉलसारख्या खेळांना बंदी घातली. लांब धनुष्य लहानपणापासून ओढलं नाही तर मोठेपणी ओढवत नाही. मला हे समासातलं चित्र दरबारी लढाईचित्रांपेक्षा खरं वाटतं. इंग्लंडचं सैन्य कुठून आलं, ते त्यात दिसतं.

चित्रांतून सगळ्यात जास्त निसटली ती याच युद्धातली अ‍ॅजिनकोर्टची लढाई. २५ ऑक्टोबर १४१५. आदल्या रात्री धो धो पाऊस झालेला आणि शेत नुकतंच नांगरलेलं. दोन्ही बाजूंना जंगल, त्यामुळे फ्रेंचांची प्रचंड संख्या पुढे सरकताना आपोआप चेपली जाऊ लागली. इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीच्या सैन्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक तिरंदाज होते आणि त्यांनी पुढ्यात टोकदार खुंट ठोकले होते. फ्रेंच घोडदळाच्या तुकड्या बगलांवर चालून गेल्या, खुंटांशी अडल्या, आणि बाणांनी बिथरलेले घोडे मागे वळून स्वतःच्याच पायदळात घुसले. ते पायदळ कुणाचं? सरदारांचंच. बहुतेक फ्रेंच सरदार त्या दिवशी घोड्यावरून उतरून पायी लढले, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. पूर्ण चिलखतात, बाण चुकवण्यासाठी मान खाली घालून, घोट्याच्या वर येणाऱ्या चिखलातून ते चालत गेले. पुढचे पडले, मागचे त्यांच्यावर कोसळले. बाणाने किंवा तलवारीने मेले त्यांच्याबरोबरच कितीतरी जण रेटारेटीत गुदमरून मेले. मग तिरंदाजांनी धनुष्यं टाकली आणि खुंट ठोकायचे मोगर, तलवारी, सुरे घेऊन ते पडलेल्यांवर तुटून पडले. पुढे नव्या हल्ल्याच्या धास्तीने हेन्रीने कैद्यांना मारायचा हुकूम दिला.

हे रंगवायचं कसं? चित्राला एक क्षण लागतो, दोन बाजू लागतात, उगारलेला हात लागतो. चेंगराचेंगरीत यातलं काहीच नसतं. शेक्सपिअरला तर तिरंदाजांचीही गरज वाटली नाही. १५९९च्या सुमाराच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकात भाषणं आहेत, आदल्या रात्रीचा राजाचा सैनिकांशी संवाद आहे, मेलेल्या सरदारांची यादी आहे. पण लढाई म्हणून प्रत्यक्ष दिसणारा प्रसंग एकच: पिस्टल नावाचा भुरटा सैनिक एका फ्रेंच माणसाला पकडतो. ज्यांच्या जोरावर लढाई जिंकली, त्या धनुष्यांचा त्यात पत्ता नाही.

ती धनुष्यं लोकांच्या मनात ठसवली याच नाटकावरच्या १९४४च्या सिनेमाने. लॉरेन्स ऑलिव्हिएने ऐन महायुद्धात हा चित्रपट केला आणि तो ब्रिटनच्या कमांडो व हवाई सैनिकांना अर्पण केला. युद्धातल्या इंग्लंडमध्ये एवढी माणसं नि घोडे कुठून आणणार, म्हणून लढाई तटस्थ आयर्लंडमध्ये पॉवर्सकोर्टच्या माळावर चित्रित झाली. स्थानिक माणसं सैनिक झाली. स्वतःचा घोडा आणणाऱ्याला जादा पैसे मिळत. फ्रेंच घोडे आधी चालतात, मग दुडकतात, मग उधळतात, कॅमेरा रुळांवरून त्यांच्या बरोबरीने धावतो आणि विल्यम वॉल्टनचं संगीत टापांबरोबर चढत जातं. मग हेन्रीची तलवार खाली येते, संगीत एकदम थांबतं आणि शेकडो तीर सुटल्याचा सणसणाट तेवढा कानावर येतो. हा आवाज आज ऐकतानाही अंगावर काटा येतो. लढाईपटांतल्या ध्वनीच्या वापराचा इतका नेमका धडा क्वचितच कुणी दिला असेल.

पण हे सारं घडतं कोरड्या, हिरव्यागार गवतावर. ऑलिव्हिएच्या कलादिग्दर्शकांनी फ्रान्सचे महाल आणि रंग उचलले ते बेरीच्या ड्यूकसाठी लिंबूर्ग बंधूंनी चितारलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकातून. लढाई झाली तेव्हा हा ड्यूक हयात होता. म्हातारा झाला होता, वेडसर पुतण्या राजाबरोबर रुआँमध्ये मागेच थांबला, आणि वर्षभराच्या आत वारला. पुस्तक अपुरं राहिलं. त्या पुस्तकाच्या निळ्या-सोनेरी जगात चिखल शोभलाच नसता.

याच सिनेमाने एक चुकीची समजूतही पक्की केली. त्यात एका फ्रेंच सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसवताना दाखवलंय. चिलखती नाइट म्हणजे आपणहून हलू न शकणारा लोखंडाचा डबा, असं लोकांना वाटत आलंय. खरं तर लढाईचं चिलखत वीस-पंचवीस किलोंचं असे आणि तो भार साऱ्या अंगावर वाटलेला असे. अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंचांच्या सेनापतींपैकी एक असलेला मार्शल बुसिको तरुणपणी चिलखतात कोलांट्या मारायचा, असं त्याच्या हयातीतच लिहिलेल्या चरित्रात नोंदवलंय. असा माणूस त्या दिवशी जिवंत पकडला गेला आणि १४२१मध्ये इंग्लंडच्या कैदेत वारला. त्याला हरवलं ते गाळ, गर्दी आणि बाण या तिन्हींनी मिळून.

केनेथ ब्रॅनाने १९८९मध्ये त्याच नाटकावर सिनेमा काढून अ‍ॅजिनकोर्टचा चिखल पडद्यावर आणला. त्याचे सैनिक मातीत लोळतात, धापा टाकतात. लढाई संपल्यावर राजा एका मेलेल्या पोराला खांद्यावर घेऊन प्रेतांमधून चालतो आणि जवळपास चार मिनिटं कॅमेरा त्याची पाठ सोडत नाही. डेव्हिड मिशोच्या २०१९च्या ‘द किंग’मध्ये चेंगराचेंगरी आणखी जवळून दिसते, श्वास कोंडतो. मात्र त्यात फ्रान्सचा युवराज रणात घसरून पडतो आणि मारला जातो, हे काल्पनिक आहे. युवराज लुई लढाईला नव्हताच; त्याच वर्षी डिसेंबरात तो आजारपणात गेला.

तरी या दोन्ही सिनेमांत तिरंदाज घोळक्यानेच दिसतात, माणूस म्हणून नाही. त्यासाठी चित्रांकडून कागदपत्रांकडे जावं लागतं. पगारासाठी हजेरी लागायची, त्यामुळे हेन्रीबरोबर फ्रान्सला गेलेल्या कितीतरी साध्या तिरंदाजांची नावं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी त्या काळच्या सैनिकांच्या अशा नोंदी गोळा करून सर्वांसाठी इंटरनेटवर खुल्या केल्यात. कोण कुठल्या सरदाराच्या तुकडीत होता, पुन्हा कुठल्या मोहिमेवर गेला, हे त्यांत शोधता येतं. पुढचा अ‍ॅजिनकोर्टपट काढणाऱ्याने या याद्यांपासून सुरुवात करावी, अशी माझी फार इच्छा आहे.