गाडीचं नाक सांभाळा, बॉस!

जुन्या डिझेल गाडीत एअर फिल्टर कंपनीचाच टाकायचा, बाहेरचा चालेल, की थेट 'परफॉर्मन्स' फिल्टरवर पैसे उडवायचे? प्रश्न काही शे रुपयांचा आहे. उत्तर चुकलं तर मात्र बिल इंजिनाचं येतं!

बॉनेट उचललं की काळ्या प्लास्टिकचा एक डबा दिसतो. दोन-चार क्लिपा काढल्या की आत घड्याघड्यांचा कागद, शाळेत आपण बनवायचो त्या पंख्यासारखा. एअर फिल्टर म्हणतात तो हाच. गाडीतला सगळ्यात बोअरिंग पार्ट! अलॉय व्हील्सवर गप्पा रंगतात, म्युझिक सिस्टीमवरून तर भांडणं होतात, पण 'काल मी नवा एअर फिल्टर घेतला' असं पार्टीत कुणी कॉलर ताठ करून सांगितलंय का कधी?

आणि तरीही जुन्या डिझेल गाडीचं उरलेलं आयुष्य बरंचसं या कागदावर अवलंबून असतं.

जुनी डिझेलच का? कारण तशी गाडी आता नवी मिळणं कठीण आहे. फियाट आणि जनरल मोटर्सचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आठवतंय? जगात ते आलं २००३ मध्ये. आपल्याकडे २००७ मध्ये स्विफ्टमध्ये बसलं आणि मग डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिआ... यादी संपेना. गाडीवेडे गमतीने त्याला 'नॅशनल इंजिन' म्हणायला लागले. फियाट आणि टाटांसाठी तर ते आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाच बनायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. म्हणजे माझ्यासारखं कुणी बाबांची २०१२ ची स्विफ्ट डिझेल चालवत असेल, तर पर्याय दोनच. आहे ती नीट टिकवायची, नाहीतर विकून मोकळं व्हायचं.

मला टिकवायची आहे. रोजचं हिंजवडी आणि जमेल त्या रविवारी ताम्हिणी हे दोन्ही ती अजून हसतखेळत करते. म्हणून मी या डब्याच्या मागे लागलो. जे कळलं ते असं.

डिझेलचा फंडा

पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हवेच्या वाटेतली झडप उघडते. हवा वाढली की तिच्या हिशेबाने पेट्रोल वाढतं. डिझेलमध्ये उलटा मामला. तिथे पाय दाबला की वाढतं ते डिझेल. हवा मात्र इंजिन भरपूर ओढतच असतं.

किती ओढतं? साधं गणित करू. इंजिन १२४८ सीसीचं. दर दोन फेऱ्यांमागे एकदा सगळे सिलिंडर हवेने भरतात. म्हणजे २००० आरपीएमला मिनिटाला साधारण १२५० लिटर हवा. तासाला ७५ हजार लिटर! आणि यात टर्बो धरलेलाच नाही. तो हवा दाबून भरतो, त्यामुळे खरा आकडा आणखी मोठा.

आता ही हवा कुठली? महाबळेश्वरची थोडीच आहे? ती आहे मेट्रोच्या खांबांखालची, चाकणच्या ट्रकच्या मागची, घोडबंदर रोडवरच्या खोदकामाची. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते आत गेले की आधी भेटतो टर्बो, ज्याचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतं. मग पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत. तिथे हे कण पॉलिश पेपरचं काम करतात. घासत राहतात, आवाज न करता.

रिंगा झिजल्या की कॉम्प्रेशन पडतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, इंधन पेटतं ते हवा जोरात दाबल्यामुळे तापते म्हणून. त्यामुळे कॉम्प्रेशन गेलं की सकाळी गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते, ऑइल जळायला लागतं, मागून निळसर धूर येतो. मग मेकॅनिक हळूच म्हणतो, 'साहेब, इंजिनाचं काम काढावं लागेल.' पुढचा आकडा ऐकायला बसून घ्यावं.

'पिकअप जाम वाढतो!'

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राने डबाच काढून टाकला आणि तिथे चकचकीत कोन फिल्टर बसवला. त्याची शपथ आहे की गाडी उडते. मीही बसून आलो. टर्बोची शिट्टी मस्त ऐकू येते, हे खरं. कारण तो काळा डबा आवाजही दाबत असतो. डबा गेला, आवाज मोकळा झाला आणि कानाला वाटलं की पिकअप वाढला!

डिझेल इंजिन एरवीही गरजेपेक्षा जास्त हवा घेऊनच चालतं. ताकद ठरते ती किती डिझेल आत गेलं त्यावर, आणि ते ठरवतो ईसीयू. कंपनीचा फिल्टर स्वच्छ असेल तर त्याचा अडथळा मुळातच थोडा असतो. तो आणखी कमी केला म्हणून ईसीयू उदार होत नाही. ईसीयूचं सेटिंग बदलून घेतलंत तर गोष्ट वेगळी, पण मग तो विषयही वेगळा.

उलट तोटे बघा. कंपनीचा डबा बाहेरची थंड हवा घेतो. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा पितो. गरम हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी. त्यात आपला पावसाळा! कंपनीने हवेचं तोंड सहसा उंचावर ठेवलेलं असतं. खाली लोंबणाऱ्या फिल्टरने साचलेलं पाणी ओढलं तर ते सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

कंपनीच्याच डब्यात बसणारे, धुऊन पुन्हा वापरायचे तेल लावलेले कापडी फिल्टरही मिळतात. किंमत काही हजारांत. रेसिंगवाल्यांना ते आवडतात, त्याला कारणंही आहेत. पण असे फिल्टर सहसा कागदापेक्षा जरा जास्त बारीक धूळ आत सोडतात. शिवाय धुतल्यावर तेल जास्त लागलं तर ते उडून पुढच्या एअर फ्लो सेन्सरवर बसतं. माझ्या स्विफ्टमध्ये हा सेन्सर आहे. त्याने चुकीचं रीडिंग दिलं की गाडी मरगळते आणि सगळे टर्बोला शिव्या घालत बसतात.

अर्धा टक्का म्हणजे किती?

फिल्टर तपासायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११. ठरलेली धूळ सोडायची आणि तीन गोष्टी मोजायच्या. किती अडवली, किती साठवली आणि हवेला अडथळा किती झाला. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो.

'मग ९७ टक्केवाला काय वाईट?' असं वाटू शकतं. समजा १०० ग्रॅम धूळ आली. ९९.५ टक्केवाल्याने अर्धा ग्रॅम आत सोडली, ९७ टक्केवाल्याने तीन ग्रॅम. सहापट! पेपरात ९७ मार्क भारी वाटतात, इथे ते नापास आहेत.

नाना पेठेतली शाळा

पुण्यात गाड्यांचे पार्ट म्हटले की नाना पेठ. मी तिथे एकाच गाडीचे तीन फिल्टर काउंटरवर शेजारी शेजारी ठेवायला लावले. एक गाडी कंपनीच्या खोक्यातला, एक नामवंत फिल्टर कंपनीचा, आणि एक ज्याचं नाव त्या दुकानाबाहेर कुणी ऐकलं नसेल असा.

पहिल्या दोघांत मला डावं-उजवं करता आलं नाही. यात आश्चर्य नाही. गाडीच्या कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत. मान+हुमेल, माले यांच्यासारख्या कंपन्या गाडीवाल्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. म्हणजे 'बाहेरचा' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. मात्र नाव नामवंत असलं तरी तो फिल्टर नेमका तुमच्याच मॉडेलसाठी आहे ना, ते पार्ट नंबरवरून बघायचं.

तिसरा हातात घेताच फरक कळला. वजनाला हलका, घड्या कमी आणि वाकड्यातिकड्या. कडेचं रबर कडक. हे रबर सगळ्यात महत्त्वाचं. ते डब्यात घट्ट बसलं नाही तर हवा कागदातून कशाला जाईल? ती बाजूच्या फटीतून शिरते, धुळीसकट. कागद कितीही भारी असू दे, फट राहिली की फिल्टर नसल्यात जमा.

आणखी एक धोका डुप्लिकेटचा. खोकं हुबेहूब, आतला माल तिसऱ्या फिल्टरसारखा. म्हणून बिल देणारं दुकान, होलोग्राम आणि पार्ट नंबर या तीन गोष्टींवर तडजोड नको.

हवा मारू नका, प्लीज!

सर्व्हिसिंगला गेलं की पोऱ्या फिल्टर काढतो, कॉम्प्रेसरची नळी लावतो आणि फर्रर्र! 'झाला साहेब नवा.' छान वाटतं. पण जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडू शकतात, ती डोळ्यांना दिसतही नाहीत. गंमत म्हणजे थोडी धूळ बसलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा चांगला गाळतो, कारण ती धूळच पुढची धूळ अडवते. त्यामुळे उठसूट साफ करण्यापेक्षा वेळेवर बदलणं बरं.

वेळ कोणती? गाडीच्या मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळं, कमी किलोमीटरचं वेळापत्रक असतं. आपण सगळे त्यातच मोडतो.

फार उशीर केला तर? फिल्टर चोंदतो, हवा कमी पडते. पहिल्या इंडिकासारख्या जुन्या डिझेलमध्ये याचा पुरावा मागे काळ्या ढगासारखा दिसतो. सेन्सरवाल्या गाडीत ईसीयू डिझेल कमी करतो, मग धूर कमी पण घाटात जीव नाही. पीयूसीला डिझेल गाडीचा मोजतात तो धूरच. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना ६५ एचएसयूची मर्यादा आहे, बीएस-४ ला ५० ची. पंधरा वर्षं झाली की नोंदणी वाढवायला आरटीओत फिटनेसची परीक्षाही द्यावी लागते. आणि तो धूर सिग्नलला तुमच्या मागे उभी असलेली स्कूटरवाली मुलगी गिळते, हे विसरू नका.

खरेदीआधी एवढं करा

* पार्ट नंबर मॅन्युअलशी किंवा जुन्या फिल्टरशी जुळवा.
* रबर दाबून बघा. मऊ आणि सलग हवं.
* आतून मोबाइलचा टॉर्च लावा. कुठे टोकदार उजेड दिसला तर फिल्टर परत करा.
* बसवण्याआधी डबा ओल्या फडक्याने आतून पुसून घ्या.
* सगळ्या क्लिपा लागल्या का, स्वतः बघा. एक तुटलेली असेल तर आधी ती बदला.
* फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर पेनाने लिहा.

माझा कौल? कंपनीचा, किंवा त्याच तोडीच्या फिल्टर कंपनीचा कागदी. जो तुमच्या गाडीसाठी अस्सल मिळेल तो. दोन-तीन कॉफींच्या पैशात येतो. आणि पुढच्या वेळी गॅरेजवाल्याने फिल्टरकडे हवेची नळी वळवली, की खुशाल म्हणा, 'दादा, राहू दे. नवाच टाक.'