वकील मोफत, उत्पन्नाची अट नाही

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाची मर्यादा तिला लागू नाही. पगारदार बाईलाही नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे करायचा. ही कार्यालये बहुधा न्यायालयाच्या आवारातच असतात. वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही प्राधिकरण उचलते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ ने या हक्काची माहिती पीडितेला देण्याची जबाबदारी पोलीस, संरक्षण अधिकारी आणि दंडाधिकारी यांच्यावर टाकली आहे. या हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडे केलेल्या अर्जावर पहिली सुनावणी साधारणतः ३ दिवसांत आणि तेथून ६० दिवसांत निकाल, असे कायदा म्हणतो; तारखा मात्र लांबतात. विधी सेवा हेल्पलाइन : १५१००.