आधी पोहणं, मग पाढे

म्युनिक, मे अखेर

भारतातून कुणाचाही फोन आला की पाच मिनिटांत एक वाक्य येतंच : ‘तुमचं काय बाई, तिकडे मुलांना अभ्यासच नसतो. हसतखेळत शिकतात!’ हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं बव्हेरियातल्या चौथीच्या कुठल्याही आईला विचारा. मात्र मे महिन्यात विचारू नका, ती अंगावर येईल.

आधी खरं अर्धं. शाळा सकाळी आठला भरते आणि पहिली-दुसरीची पोरं पुष्कळदा साडेअकराच्या सुमाराला मोकळी होतात. वर्गाबाहेर बूट काढायचे, आत घरातल्या सपाता घालायच्या. पहिलीचं गणित वर्षभरात वीसपर्यंत जातं. दुसरीत शंभर, तिसरीत हजार. माझी आई सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. तिच्या हाताखालची मुलं दिवाळीच्या आत शंभरपर्यंत मोजायची. तिला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, मग म्हणाली, ‘‘वर्षभर वीसच? मग उरलेल्या वेळात करतात काय?’’

प्रश्न शिक्षिकेचा होता, म्हणून नेमका होता. उरलेल्या वेळात ही मुलं चालायला शिकतात, पोहायला शिकतात, सायकल चालवायला शिकतात आणि घर सोडून राहायला शिकतात.

चालायला म्हणजे एकट्याने शाळेत जायला. मुलांना गाडीने फाटकापर्यंत सोडू नका, अशा सूचना शाळा पालकांना पुन्हा पुन्हा पाठवतात. सहा-सात वर्षांची मुलं पाठीवर भडक रंगाची दप्तरं घेऊन, सिग्नलला थांबत, दोघं-तिघं मिळून जातात. चौथीत सायकलची परीक्षा असते आणि ती पोलीस घेतात. हात कधी दाखवायचा, उजवीकडून येणाऱ्याला वाट कशी द्यायची, हे आधी कागदावर आणि मग प्रत्यक्ष रस्त्यावर किंवा सरावाच्या मैदानात. पोलीसमामा पोरांच्या ब्रेकच्या तारा तपासताना पाहिले, तेव्हा आपल्याकडे हेल्मेटसक्तीवरून किती वर्षं मोर्चे निघताहेत ते आठवलं. चौथीत सुरुवात केली असती तर मोर्चेकरीच तयार झाले नसते, असं आपलं मला वाटतं.

पण सगळ्यांत जास्त हेवा वाटतो तो पोहण्याचा. इथल्या मुलाचं पहिलं बिरुद म्हणजे पोहण्याच्या पोशाखावर शिवायचा समुद्रघोड्याचा बिल्ला. काठावरून उडी मारून २५ मीटर पोहायचं, खांद्याएवढ्या पाण्यात तळाशी टाकलेली वस्तू वर आणायची आणि तलावाचे नियम सांगायचे, की तो मिळतो. बिल्ला मिळाला म्हणून पोहता आलं, असं मात्र इथली जीवरक्षक संघटना मानत नाही. तिच्या लेखी पोहणारा तो, ज्याने पुढची ब्रॉन्झची परीक्षा दिली आहे, म्हणजे पंधरा मिनिटं न थांबता किमान २०० मीटर. या संघटनेचं मूळ एका अपघातात आहे. १९१२ च्या जुलैत बाल्टिक समुद्रकाठच्या बिन्झ गावी बोटीचा धक्का कोसळला, माणसं पाण्यात पडली आणि अनेकांना पोहताच येत नव्हतं. पुढच्याच वर्षी संघटना उभी राहिली : लोकांना पोहायला शिकवा!

आपल्याकडे काय झालं ते आठवा. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाच्या सहलीतली १४ मुलंमुली बुडाली. महाराष्ट्र हळहळला. मग सहलींचे नियम कडक झाले, पालकांची हमीपत्रं आली आणि मुलांना पाण्याजवळ न नेणं हाच शाळांना सुरक्षित मार्ग वाटू लागला. आता सहल म्हणजे एस.टी. किंवा खासगी बस, दोन देवळं, एक किल्ला खालून आणि एक वॉटरपार्क. तिथे पाणी गुडघाभर आणि तिकीट गळ्यापर्यंत. एवढ्या नद्यांच्या राज्यात शालेय पोहणं म्हणजे शहरातल्या महागड्या शाळांची चैन ठरली आहे, आणि मला चीड येते ती याची. कृष्णाकाठची पोरं पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून पोहायला शिकायची. त्यासाठी ना बिल्ला लागत होता, ना निधी. ते आपण सोडलं आणि त्या जागी काही ठेवलं नाही.

आता घर सोडून राहण्याविषयी. तिसरी-चौथीत वर्ग निवासी शिबिराला जातो. सोमवारी निघायचं, शुक्रवारी परत. ही कल्पना इथे जुनी आहे. रिशार्ड शिरमान नावाचा शिक्षक १९०९ च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वाटेत वादळाने गाठलं. एका खेडेगावच्या शाळेत वर्ग उघडून मिळाला, शेतकऱ्याने पेंढा दिला, मुलं झोपली. शिरमान मात्र रात्रभर जागा राहिला, आणि सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळांमधून पायी हिंडणाऱ्या पोरांची सोय का करू नये, हा विचार त्याने तिथेच केला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं युवा वसतिगृह निघालं ते त्यातूनच.

शिबिराआधी पालकसभा असते. नऊ वर्षांच्या मुलांच्या खुर्च्यांवर आपण बसतो, गुडघे हनुवटीला लागतात आणि बाई यादी वाचतात. बॅटरी, पावसाळी बूट, सपाता, मोजके सुटे पैसे. मोबाइल नाही. घरून फोन नाही, मुलांकडूनही फोन नाही. काही झालं तर शाळा कळवेल, कळवलं नाही तर सगळं ठीक आहे असं समजा. शेवटची सूचना अशी, की रजईला खोळ स्वतः चढवता आली पाहिजे, घरी सराव करून घ्या. त्या आठवड्यात आमच्या दिवाणखान्यात लेक खोळीच्या आत शिरून रजईचे कोपरे शोधत होती आणि सांगलीहून व्हिडिओ कॉलवर आजी ओरडत होती, ‘‘अगं, गुदमरेल ती! तू घाल की!’’

‘पाच दिवस पोरीचा आवाज नाही’ हे आजीला पचेना. शेवटी मीच तिला तिच्याच गोष्टीची आठवण करून दिली. सत्तरच्या दशकात ती चौथीचा वर्ग चालत औदुंबरला न्यायची. धर्मशाळेत मुक्काम, घरून बांधून आणलेल्या भाकऱ्या, पहाटे नदीवर अंघोळ. परवानगीचा कागद? ‘‘कसला कागद? गावाला माहीत होतं बाई नेतायत.’’ म्हणजे शिरमानने जे केलं तेच ती करत होती, फक्त तिच्या नावाने कुणी वसतिगृह काढलं नाही. पुढे तिच्या वाट्याला जनगणना आली, निवडणुकीची कामं आली, तक्ते भरणं आलं आणि औदुंबर बंद झालं.

लेक शुक्रवारी आली ती मळलेली, घसा बसलेला, बॅगेतले निम्मे कपडे घडीसुद्धा न मोडलेले. ओढ्यावर बांध घातला होता. काठीला कणीक गुंडाळून शेकोटीवर भाजली होती. रात्री बॅटऱ्या बंद करून जंगलातून चालली होती. खोलीतली एक मुलगी पहिल्या रात्री खूप रडली, तर बाकीच्या तिघींनी तिची गादी मधोमध ओढून घेतली. बाईंना सांगितलं का, असं विचारलं तर म्हणाली, ‘‘कशाला? झोपली की ती.’’ या एका वाक्यासाठी मी या देशाचे पुष्कळ अपराध माफ करते.

सगळे मात्र नाही. आता खोटं अर्धं.

हेच मूल चौथीत गेलं की मे महिन्याच्या सुरुवातीला त्याच्या हातात एक दाखला पडतो. इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल, तर विद्यापीठाकडे सरळ नेणाऱ्या गिम्नासियुमचा रस्ता मोकळा. २.६६ पर्यंत रेआलशूल. त्याखाली मिटेलशूल. पुढे रस्ता बदलता येतो, पण चढ लागतो. दहा वर्षांच्या वयात! इथले लोक चौथीला थट्टेने ‘प्राथमिक शाळेची बारावी’ म्हणतात. आपण चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा मध्यंतरी काही वर्षं पाचवीवर नेली होती, आणि ती बुडाली तरी मूल पुढच्या वर्गात शेजारच्याच बाकावर बसतं. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मोदकांच्या रांगेत ‘तुमचं किती?’ हा प्रश्न सरासरीबद्दल असतो. ज्यांच्या घरी जर्मन बोलत नाहीत त्यांची मुलं निबंधात मार खातात. २००१ मध्ये पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे पहिले निकाल लागले, तेव्हा आईबापांच्या परिस्थितीवर मुलाचे गुण किती अवलंबून आहेत हे पाहून जर्मनी हादरला होता. चर्चा अजून चालू आहे. २०२३ मध्ये आकडे आले की चौथीच्या चारांतल्या एका मुलाला धड वाचता येत नाही. पोहण्याचंही तसंच. जुने तलाव बंद पडत आहेत, आणि २०२२ च्या पाहणीत सहा ते दहा वयातल्या पाचांतल्या एकाला पोहता येत नव्हतं. त्याच्या पाच वर्षं आधी हेच प्रमाण दहात एक होतं.

तर हा देश नऊ वर्षांच्या मुलाच्या हातापायांवर निर्धास्त विश्वास टाकतो आणि त्याच्या डोक्याबद्दल मात्र दहाव्या वर्षी निर्णय देऊन मोकळा होतो. आपल्याकडे उलट. पोरगं दहावीला नव्वद टक्के काढेल ही आशा आपण शेवटच्या पेपरपर्यंत सोडत नाही, पण त्याला रस्ता एकट्याने ओलांडू देत नाही. (चाळणी आपल्याकडेही आहे. ती पैशाची आहे आणि बालवाडीच्या दारातच लागते.)

मला दोन्हीकडून अर्धं-अर्धं हवं आहे, आणि ते काही आकाशातले तारे नाहीत. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते, म्हणजे दोन वर्षं जास्त मिळतात. बव्हेरियाला ते का जमू नये, असं मी पालकसभेत विचारलं. उत्तर आलं, ‘‘आमच्याकडे असंच असतं.’’ गावी गेले होते तेव्हा आईच्या जुन्या शाळेत विचारलं, की मुलांना पोहायला का शिकवत नाही, नदी तर समोर आहे. तिथलं उत्तर, ‘‘मॅडम, आपल्याकडे असंच असतं.’’ भाषांतराचीही गरज पडली नाही.